तिसरा पुकारा

बसा मंडळी, ऐसपैस बसा. मागं खांबाला टेकून उभे आहेत ना, त्यांनी पुढं या! जागा आहे. कीर्तनात मागं उभं राहणाऱ्याचं निम्मं लक्ष चपलेत असतं. मला ठाऊक आहे, मी पण पूर्वी तसाच उभा राहायचो.

एकदा नाव घ्या मोठ्यानं — विठ्ठल! विठ्ठल! — हं. आता मृदंग जरा थांबवा महाराज. एक प्रश्न विचारायचाय.

माणूस हरवला, असं कधी म्हणायचं?

सोपं वाटतं ना? जत्रेत पोरीचा हात सुटला, आई ऊर बडवायला लागली — पोरगी हरवली! म्हैस दावं तोडून गेली, मालक काठी घेऊन रानोमाळ — म्हैस हरवली! अहो, चष्मा हरवला तर अख्खं घर पालथं घालता, सुनेवर ओरडता, आणि तो निघतो कपाळावर! म्हणजे हरवायला काय लागतं? शोधणारं लागतं! मग मला सांगा — ज्याला शोधणारंच कोणी नाही, तो माणूस हरवला तर? ठाण्यात गेलात तरी पहिला प्रश्न तोच. तक्रार कोणाची? तुमचं नातं काय? हरवलेल्या माणसाला स्वतः जाऊन सांगता येतं का, "साहेब, मी हरवलोय, लिहून घ्या"?

हसा, हसा. पण प्रश्न गाठीला बांधून ठेवा. आपल्याला तो शेवटी लागणार आहे.

तर मंडळी, ऐका. एक तालुक्याचं गाव. नाव विचारू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या सोयरिकी तिथं झालेल्या असायच्या! त्या गावात विश्वंभर लोखंडे नावाचे एक गृहस्थ. वय एकाहत्तर. नोकरी कसली? एसटीत कंट्रोलर. स्टँडवरच्या त्या काचेच्या केबिनीत बसून तीस वर्षं माईकवर बोलले. "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी..." — काय आवाज होता! गाडी कुठं जाणार हे मागच्या मुतारीतसुद्धा कळायचं. लोक त्यांना नावानं ओळखतच नव्हते. आवाजानं ओळखायचे.

आणि स्टँड म्हटलं की हरवणं आलं. आई खिडकीतून जागा धरायला रुमाल टाकते, तेवढ्यात पोरगी दुसऱ्याच गाडीपाशी. एखादी आजी मुतारीला जाऊन येते तर गाडीच गेलेली! मग लोखंडे पुकारा करायचे. हो, पुकारा म्हणायचे ते. माईकवर दोनदा टिचकी, आणि — "इकडे लक्ष द्या. निळा फ्रॉक घातलेली, चार वर्षांची मुलगी कंट्रोल केबिनजवळ सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी येऊन घेऊन जावे." असा तीनदा करायचा. तिसऱ्याला कोणी आलं नाही, तर पोलिसाला बोलवायचं, आणि मग कागद व्हायचा. कागदावर काय लिहायचं? बेवारस! लोखंडे सांगतात, "महाराज, तीस वर्षांत माझा तिसरा पुकारा तीनदाच झाला. बाकी सगळ्यांना दुसऱ्या पुकाऱ्याच्या आत घ्यायला माणसं आली." बघा, अभिमान कशाचा असतो एकेकाला!

पुढं निवृत्त झाले. घशाचं दुखणं निघालं, कापाकापी झाली. जीव वाचला — आवाज गेला! उरली नुसती खरखर. स्टँडवर आता मशीन बोलतं. बायको इंदुमती, ती सहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. आता एकटा माणूस दिवसभर करतो काय? हे सकाळी उठायचे, दाढी करायचे, आणि स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसायचे. मशीन चुकीचा फलाट बोललं की मान हलवायचे. दुपारी घरी. भात लावायचा, एकदाच, दोन्ही वेळचा. आणि बोलायचं कोणाशी? आवाज असा, की दुकानदार म्हणायचा, "काका, काय म्हणता? मोठ्यानं बोला हो!" मग हेच बोलायचे बंद झाले. बोट दाखवायचे. साबण — बोट. चहापत्ती — बोट. आठ आठ दिवस त्या माणसाचं नाव कोणाच्या तोंडातून निघायचं नाही, मंडळी. तुमच्या घरात तुमचं नाव दिवसातून किती वेळा घेतात? बायको तर रागानं का होईना घेते ना! नशीबवान आहात.

आता यात पोलीस कुठून आले? आले! त्या गावच्या ठाण्यात एक हवालदार होत्या, मंगल ठोंबरे. सगळे त्यांना मंगलताई म्हणत. ठाण्यात वरून हुकूम आला, की पोलिसांनी लोकांत मिसळावं, त्यांना सुरक्षेचं शिक्षण द्यावं. मग शाळेत जा, बचत गटात जा, दाराला साखळी लावा, अनोळखी माणसाला आत घेऊ नका, गॅसचा वास आला तर बटण दाबू नका... आणि एकटे राहणारे जे म्हातारे, त्यांची एक यादी करा. मंगलताईंनी घरोघर फिरून यादी केली. चौदा नावं. प्रत्येकाच्या गळ्यात लाल दोरीची एक शिट्टी घातली. "काका, अडचण आली तर वाजवायची. लाजायचं नाही." आणि सोमवारी-गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला प्रत्येकाला फोन.

फोन कसा? ऐका. "काका, जेवलात? गॅस बंद? दाराला साखळी? बरं, ठेवते." चाळीस सेकंद! बाई तरी काय करणार, चौदा जण, वर बंदोबस्त, वर घरी दोन पोरं आणि सासू. पण लोखंडेकाका त्या चाळीस सेकंदांसाठी साडेचारपासून फोन मांडीवर घेऊन बसायचे. त्याच्यात काय होतं एवढं? अहो, कोणीतरी विचारत होतं ना, जेवलात का!

एप्रिल महिना उजाडला. ठाण्यानं ठरवलं, मॉक ड्रिल करायची. म्हणजे काय? संकटाची रंगीत तालीम! गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग, कापसाचा जुना कारखाना. तिथं आग लागली, छत कोसळलं, माणसं अडकली असं धरायचं, आणि सोडवायचं कसं ते लोकांना दाखवायचं. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार. मांडव, खुर्च्या, पोहे — आपल्याकडं आग लागायची तरी आधी पोहे लागतात!

जखमी हवेत पाच. त्यातला एक तालमीतला पैलवान, तो सकाळी नऊपर्यंत आलाच नाही. मंगलताईंची धावपळ. समोर मांडवात पहिल्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून कोण बसलंय? लोखंडेकाका!

"काका, जखमी व्हाल का?"

काका खरखरले, "मला जमंल?"

"काही करायचं नाही हो. नुसतं हरवायचं. आम्ही येऊन शोधणार."

आम्ही येऊन शोधणार! मंडळी, त्या माणसाच्या तोंडावर जे आलं ना, ते मंगलताईंनी पाहिलं, पण त्यांना तेव्हा कळलं नाही. घाई होती.

पायाला पट्टी बांधली. रक्त म्हणून काय लावलं? कुंकू आणि गुळाचं पाणी! घट्ट होतं ना, ओघळत नाही. जखमींचे मोबाईल पिशवीत घालून टेबलावर जमा, वर चिठ्ठी, 'जखमी क्रमांक पाच'. आणि मंगलताईंनी काकांना नेलं पार आतल्या कोठीत, जिथं पूर्वी सरकी ठेवायचे. पत्र्याचं छत, रिकामी पोती. पाण्याची छोटी बाटली दिली.

"काका, ऐका. आम्ही शोधून काढेपर्यंत हलायचं नाही. शिट्टी वाजवायची नाही, नाहीतर शोधायचं ते काय? आणि 'संपलं, संपलं, बाहेर या' असं कोणी ओरडलं तरी यायचं नाही बरं का! शोधणाऱ्यांची परीक्षा असते ती. शेवटच्या माणसापर्यंत पोचतात की नाही, हेच बघायचंय."

दार लोटून घेतलं. कडी लावली नाही. हे लक्षात ठेवा — कडी नव्हती!

आणि बाहेर आल्या तोवर निरोप, ठोंबरे, तुम्ही नाक्यावर जा, साहेबांची गाडी येतेय, रस्ता मोकळा करा. बाई गेल्या नाक्यावर. इकडं पावणेदहाला पैलवान उगवला! दंड थोपटत म्हणतो, उशीर झाला. दुसऱ्या हवालदारानं यादी बघितली, पाचवा जखमी हाच. घातला त्याला बॉयलरच्या आडोशाला. आता जखमी किती झाले? सहा! कागदावर किती? पाच! ओरडू नका, तुम्हाला कळलं. त्यांना कळायला पाहिजे होतं.

झालं. सायरन! धावाधाव! काका पोत्यावर आडवे, कान दाराकडं. "कोणी आहे का आत?" "इकडं या, इकडं!" मग आरडाओरडा, "सापडला!" एक. थोड्या वेळानं, "सापडली!" दोन. काकांनी सदरा नीट केला. सापडताना माणूस बरा दिसायला नको का? तीन. चार. आता मी! पावलं जवळ आली... जवळ आली... आणि वळली. "सापडला!" पैलवान सापडला! त्याला चौघांत उचलेना, बाहेर माणसं हसताहेत. मग टाळ्या. मग माईकवरून, "पाचही जखमी सुखरूप! कार्यक्रम संपला!"

काका मनात हसले. म्हणाले — परीक्षा आहे ही. मंगलताईंनी सांगितलंय मला. संपलं म्हणतील, पण येतील.

मग भाषण झालं. मग फोटो. मग खुर्च्या घड्या घालायचा आवाज, टेम्पोचा आवाज. मग कुत्रं भुंकलं एक. मग काहीच नाही.

बारा वाजले. एक वाजला. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. बाटली संपली. आणि गुळाचं रक्त ना ते? लाल मुंग्या आल्या! पट्टीवरून वर, पोटरीवर. झटकाव्या की नाही? जखमी माणूस पाय कसा हलवेल? हा भला माणूस मुंग्या चावू देतोय, आणि पडून राहतोय. कोणासाठी? बघायला तिथं कोण होतं!

मंडळी, तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळा होता काय? दार उघडं, उठायचं, चालू लागायचं! मीही त्यांना हेच विचारलं. पुढं भेटलो ना मी त्यांना, त्यांच्याच तोंडून ऐकलंय हे सगळं. ते म्हणाले, "महाराज, दीड वाजता मला कळलं होतं. तीस वर्षं स्टँडवर काढली मी. शेवटची गाडी गेलेली मला कळत नाही होय?"

"मग उठला का नाहीत?"

म्हणाले, "उठलो असतो, तर मला कोणी शोधलं नाही हे पक्कं झालं असतं. बसून राहिलो, तोवर ते यायचे होते."

काय बोलणार यावर? मी कीर्तनकार माणूस, बोलायचंच खातो.

तीन वाजता गळ्यातली शिट्टी हातात घेतली. ओठाला लावली. वाजवली असती तर रस्त्यानं जाणारं कोणीतरी आलंच असतं. पण नाही वाजवली! म्हणाले, "ते शिट्टीला आले असते. मला नाही." परत सदऱ्यात टाकली. घसा कोरडा पडलेला, डोळ्यापुढं अंधारी. इंदुमतीचं नाव घेतलं म्हणे दोनदा. ती असती तर बारा वाजताच ठाण्यात जाऊन टेबल वाजवलं असतं तिनं, "आमचे हे कुठं ठेवलेत?" म्हणून!

विठ्ठल! विठ्ठल! — म्हणा मंडळी, जरा मोठ्यानं म्हणा. मलाच गरज आहे.

आता ठाण्यात काय चाललंय? तिकडं आनंदीआनंद. साहेब खूश. टेबल आवरताना शिपायाला एक मोबाईलची पिशवी उरलेली दिसली. पाच जणांनी पाच नेल्या, ही कुठली? म्हणाला, "राहिली असंल कोणाची. येईल न्यायला." आणि टाकली कपाटात. येईल न्यायला! मंडळी, जगातली निम्मी माणसं या एका वाक्यानं कपाटात पडून आहेत.

पाच वाजता मंगलताई नाक्यावरून आल्या. उन्हानं तोंड रापलेलं. पाणी प्यायल्या. विचारलं, "झालं ना नीट?" "झकास! पाचही सापडले." बाईंनी गृहीत धरलं, त्यात काका आलेच. वार कोणता? गुरुवार. साडेपाच वाजले. यादी काढली. पहिला फोन, "आजी, जेवलात? गॅस बंद?" दुसरा. तिसरा. सातवं नाव, विश्वंभर लोखंडे. नंबर फिरवला.

आणि कपाट वाजलं!

बाई थबकल्या. फोन कानाला, आणि मागं कपाटात ट्रिंग ट्रिंग. कपाट उघडलं. पिशवी. त्यात बटणाचा जुना फोन, त्यावर नाव उजळलंय, 'मंगलताई पोलीस'. आणि चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली!

जीपची चावी टेबलावर होती, ड्रायव्हर जागेवर नव्हता. बाईंनी स्वतः गाडी काढली. रस्त्यानं एकच — देवा, चालते झालेले असू देत. घरी गेलेले असू देत. माझ्यावर रागावून दार लावून बसलेले असू देत!

जिनिंगच्या फाटकातूनच ओरडत सुटल्या. "लोखंडेकाका! ओ लोखंडेकाका!"

आता ऐका मंडळी, नीट ऐका. काकांनी ती हाक ऐकली. शुद्धीत होते. आणि ओ दिली नाही! का? अहो, दुसऱ्यांदा ऐकायची होती! सहा वर्षांत इतक्या मोठ्यानं, इतक्या जिवाच्या आकांतानं त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

"काकाऽऽ! लोखंडेकाका!"

तेव्हा शिट्टी काढली. आणि फुंकायला गेले, तर फुंकायला दमच नाही! ओठ फाटलेले, वारा नुसता फस्सकन बाजूनं गेला. इतका वेळ हट्ट होता, आता वाजवायची होती, तर वाजेना. तेव्हा मात्र म्हातारा घाबरला. "महाराज, पहिल्यांदा वाटलं, आता खरंच हरवलो. ती शोधतेय, आणि मीच राहून जातोय." पायानं बाटली लाथाडली. ती घरंगळत गेली, दारावर टक् झाली. एवढाच आवाज. आणि बाईंनी तो ऐकला.

दार ढकललं. पोत्यावर काका. पायावर कुंकू, मुंग्या. बाई गुडघ्यावर बसल्या, हातानं मुंग्या झाडायला लागल्या.

काका हळूच म्हणाले, "सापडलो?"

"सापडलात काका."

"परीक्षा... लई लांबली."

काय सोपं होतं हो! "हो काका, परीक्षाच होती, तुम्ही पहिले आलात" — म्हणायचं, संपलं. साहेबांनाही बरं, ठाण्यालाही बरं. बाईंच्या नोकरीचा प्रश्न होता तो. पण त्या बाईनं त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं आणि खरं बोलली. "नाही काका. परीक्षा नव्हती. आम्ही विसरलो तुम्हाला. मी विसरले."

काकांनी मान हलवली. म्हणाले, "मला माहीत होतं. तू सांगशील का ते बघत होतो."

उठायला गेले आणि कोसळले. बाईंनी खांद्यावर घेतलं आणि सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर काही सांगता आलं नसतं. सलाईन लावली. सिस्टर कागद घेऊन आली. "सोबत कोण? नातं काय लिहू?" बाई पोलीस लिहा म्हणाल्या असत्या. काकाच खाटेवरून खरखरले, "लिहा, हिनं शोधलं." सिस्टर म्हणाली, अहो, रकान्यात असं बसत नाही! मग तो रकाना तसाच राहिला.

थोडं बरं वाटल्यावर काका विचारतात, "मंगलताई, पुकारा केला का?"

"कसला पुकारा?"

"माणूस सापडलं की करायचा असतो. घरचे घाबरलेले असतात."

सिस्टरनं तोंड फिरवलं. घरचे कोण? सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. पण बाई उठल्या. खाली जीपमध्ये गेल्या, भोंग्याचा माईक घेतला. काकांनी सांगितलं होतं तशा दोन टिचक्या मारल्या. संध्याकाळचे सात वाजलेले, बाजार भरलेला.

"इकडे लक्ष द्या. विश्वंभर लोखंडे, वय एकाहत्तर, पांढरा सदरा घातलेले, सरकारी दवाखान्यात सुखरूप आहेत. ज्यांचे असतील त्यांनी येऊन घेऊन जावे."

बाजार थबकला. भाजीवाल्या बाईनं मान वर केली. कोण म्हणे? कोणी लोखंडे. कुठले? काय माहीत! आणि परत, अर्धा किलो वांगी द्या.

पाच मिनिटांनी दुसरा पुकारा. तोच. तेच शब्द.

दवाखान्याच्या दारात कोणी आलं नाही.

बाई तिसऱ्यासाठी माईक उचलणार, तोच सिस्टर पळत खाली. "ताई, थांबा! ते नको म्हणताहेत." बाई वर गेल्या. काका म्हणाले, "तिसरा राहू दे. तिसरा केला की कागद होतो." एवढं बोलून डोळे मिटले.

मग बाईंनी काय केलं? स्वतःच्या घरी नेलं. सासू कुरकुरली, पोरांनी जागा दिली. चार दिवस ठेवून घेतलं, आणि ठाण्यात आपली चूक आपल्या हातानं लिहून दिली. पुढं त्यांची बदली झाली. काका परत त्यांच्या घरी, परत स्टँडच्या बाकड्यावर. गोष्ट गोड करून सांगता आली असती मला. पण घडलं ते असं.

आता मंडळी, तुम्ही मनात म्हणत असाल, काय दगडाचं गाव! पुकारा ऐकून एकही माणूस आला नाही! हो ना? म्हणताय ना?

त्या संध्याकाळी मी त्या गावात होतो.

होय. राममंदिरात माझं कीर्तन होतं. ओवरीत चहा पीत बसलो होतो. भोंगा मंदिरापर्यंत ऐकू आला. पहिला ऐकला, दुसरा ऐकला. नाव ऐकलं, वय ऐकलं, आणि काय म्हणालो मी? "असेल कोणाचा तरी. येतील न्यायला." आणि वर म्हणालो, चहात साखर कमी आहे! मग उभा राहिलो, आणि दोन तास सांगितलं लोकांना... काय सांगितलं? हाक मारली की देव कसा धावून येतो! दवाखाना तिथून दोनशे पावलांवर होता, मंडळी. दोनशे! मी मोजलीत नंतर. सकाळी टपरीवर हकीकत कानावर आली तेव्हा दवाखान्यात गेलो, तोंड खाली घालून. तेव्हा काकांनी मला जवळ बसवून हे सगळं सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून गुरुवारी साडेपाचला फोन मी करतो. जिथं असेन तिथून. जेवलात? गॅस बंद? दाराला साखळी? चाळीस सेकंद. मी काही मोठं करत नाही हो. दोनशे पावलं फेडतोय.

आता तो प्रश्न काढा गाठीतून. शोधणारं कोणी नसेल तर माणूस हरवतो का? मी सांगतो. तो हरवत नाही — आपण त्याला हरवतो! तो बिचारा सांगितलेल्या जागी बसलेला असतो. दाराला कडीसुद्धा नसते.

आज दुपारी तुमच्या ठाण्याचे हवालदार मला भेटले. ते काय तिकडं मागं उभे आहेत, त्यांच्याकडं बघू नका, लाजतात. त्यांच्याकडंही यादी आहे. या गावात एकटे राहणारे म्हातारे किती? सांगा बरं! वीस वर्षं राहता ना इथं? कोणी सांगेना! नऊ. नऊ आहेत. नावं मी वाचणार नाही, कीर्तनाला चोरही येतात! पण कागद त्यांच्या खिशात आहे, आणि प्रत्येक नावापुढं एक रकाना आहे. फोन कोण करणार, त्याचा. नऊच्या नऊ मोकळे आहेत.

टाळ ठेवा खाली. मृदंगही नको. लोखंडेकाकांचा तिसरा पुकारा राहिलाय, तो त्यांनी मला दिलाय. म्हणाले, "महाराज, तुमचा आवाज चांगला आहे. कुठंतरी करा, पण कागद होऊ देऊ नका."

इकडे लक्ष द्या.

या गावात नऊ माणसं सापडली आहेत. ज्यांची असतील, त्यांनी येऊन घेऊन जावे.